शांततेत गळणारा पहिला शब्द

पटाशी हे नाव तिला तिच्या बापानेच ठेवलं. तो सुतार, पटाशी हे त्याचं लाकूड तासायचं हत्यार, आणि लेकीची जीभ लहानपणापासून तशीच धारदार. पुढे ऑफिसातही तेच नाव पडलं, कारण एकदा काम हातात घेतलं की ते तडीस नेल्याशिवाय ही बाई उठायची नाही. थोडा तोरा होता तिला, नाही असं नाही. पण तो कमावलेला होता, कुणाकडून उसना आणलेला नव्हता.

बापाचे कान करवतीच्या यंत्राने खाल्ले. बाजारातलं श्रवणयंत्र लावलं की पंखा, भांडी, रस्ता, सगळंच मोठ्याने ऐकू यायचं आणि माणसाचं बोलणं त्यात बुडायचं. शेवटी त्याने ते खणात टाकलं आणि चारचौघांत बसणंच सोडलं. ताटात बघून जेवायचा आणि उठायचा.

आता गंमत बघा, गोंगाटातून बोलणं वेगळं काढणारा प्रोग्रॅम तिच्याच कंपनीत तयार होता. बापाला ऑफिसात नेऊन तिने तो ऐकवला, तेव्हा बाप कितीतरी दिवसांनी हसला होता. पण तो चालायचा भल्यामोठ्या कॉम्प्युटरवर. तो काय गळ्यात बांधून फिरणार? खिशात मावेल आणि वायरीने कानात आवाज सोडेल अशी डबी हवी, तर तिच्यातला प्रोसेसर वेगळ्या जातीचा. प्रोग्रॅमची सगळी भिस्त एका लायब्ररीवर, म्हणजे गणितं झपाझप करणाऱ्या आयत्या कोडवर, आणि ती लिहिलेली फक्त जुन्या प्रोसेसरसाठी. नव्याला तिच्यातलं ओ की ठो कळेना.

"महिनाअखेरपर्यंत बघ," साहेब म्हणाले. "नाही जमलं तर डबीचा नाद सोडू."

पटाशीने ती गणितं आधी साध्यासुध्या कोडमध्ये लिहिली. उत्तरं बरोबर, पण चाल गोगलगायीची. ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा. मग मात्र तिने पदर खोचला. नव्या प्रोसेसरच्या खास सूचना शिकली आणि एका दमात चार-चार आकडे उचलणारी गणितं स्वतः हाताने लिहून काढली. आवाज ओठांबरोबर यायला लागला. कँटीनच्या कलकलाटात चाचणी झाली, तीत डबी पैकीच्या पैकी गुणांनी पास. "मानलं तुला," साहेब म्हणाले, आणि बाईंची मान दिवसभर खाली आली नाही.

डबी घरी आली. बाप ती दिवसभर लावून बसला आणि संध्याकाळी काढून टेबलावर ठेवली. काय झालं, असं पटाशीने हातानेच विचारलं.

"तुम्ही भांडता तेव्हा छान ऐकू येतं," तो म्हणाला. "पण घर शांत असलं आणि कुणी बोललं की पहिला शब्द गळतो. तुझी आई काहीतरी 'घेतलं का' म्हणाली. मी म्हटलं, घेतलं. काय घेतलं ते देव जाणे."

तिला राग आला. आधी बापाचा, मग स्वतःचा. शांततेत काम कमी, मग हे अडखळतं कशाला? आणि खरं सांगायचं तर शांततेत चाचणी कुणी घेतलीच नव्हती. चाचणी म्हणजे कलकलाट, ही सगळ्यांची सवय.

तिने डबी बंद खोलीत ठेवली, प्रत्येक गणिताला लागणारा वेळ मोजला आणि चोर सापडला. आवाज थांबला तरी त्याचा माग आकड्यांत उरतो. तो बारीक बारीक होत शून्याजवळ जातो, पण शून्य काही होत नाही. असले नगण्य आकडे हाताळताना या प्रोसेसरचा घाम निघायचा, आणि तेवढ्यात कुणी बोललं की पहिला शब्द हुकायचा. जुनी लायब्ररी असे आकडे गुपचूप शून्य धरायची. तिची ही सोय कुणाच्या लक्षातही नव्हती, म्हणून लायब्ररीबरोबर तीही मागेच राहिली. तीच सूचना नव्या कोडमध्ये घालायला एक ओळ पुरली. ती ओळ लिहून पटाशी एकटीच हसत सुटली. शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं, बाई कामातून गेली.

सुट्टीच्या दुपारी जेवणं आटोपली. पंखासुद्धा बंद होता. बाप बाहेरच्या खोलीत पाठमोरा बसलेला, डबी खिशात. आत मायलेकी भांडी पुसत होत्या. सगळं घर शांत होतं. पटाशी हळूच बोलली.

"साहेबांनी मानलं, सगळ्या ऑफिसने मानलं. पण आपल्या बाबांच्या तोंडून एक शाबास निघेल तर शपथ."

आईचा हात ताटावर थांबला. बाहेर खुर्ची सरकली.

"साहेबांनी कशाला मानायला हवं?" बाप तिकडूनच म्हणाला. "लेक माझी आहे. शाबास, पटाशे."