तोंड रानाकडे

मेढ्याहून सकाळची एसटी सुटली आणि माझ्या वडिलांनी, आबांनी, विचारलं, "आलं का स्वारगेट?" गाडी अजून स्टँडाच्या फाटकातून बाहेरसुद्धा पडली नव्हती. पुढे पाचवडला, सुरूरला, खंबाटकीच्या बोगद्यात, शिरवळला त्यांचा हाच प्रश्न. शेवटी मी वैतागून म्हटलं, "आबा, स्वारगेट पळून जात नाही हो कुठं." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पायातली चप्पल काढायची, पुन्हा घालायची, असं चाललं होतं. दोन रात्री ते झोपले नव्हते.

झालं असं, की परवा खडकीच्या शैलाताईंचा फोन आला. त्यांचे वडील, म्हणजे आमच्या घरात ज्यांना नुसतं 'साहेब' म्हणत ते, कधीच वारले. साहेब शिकारी होते. परवाना काढून आमच्या जावळीच्या खोऱ्यात यायचे आणि आबा त्यांच्यासाठी हाकारा घालायचे (म्हणजे आरडाओरडा करत, डबे वाजवत रान उठवायचे). त्या काळातलं एक सांबराचं मुंडकं शिंगांसकट त्यांच्या दिवाणखान्यात टांगलेलं होतं. ते आता वनखात्याच्या ताब्यात द्यायचं ठरलं होतं आणि ताई सहज म्हणाल्या, "काका, तुम्हाला एकदा बघायचं असेल तर शुक्रवारी घरी या. नंतर ते लोक जाळून टाकतात म्हणे."

ताईंच्या दृष्टीने सहज. आबांच्या काळजात मात्र धस्स झालं.

कारण आमच्याकडे एक रीत होती. शिकार व्हायची ती खाण्यासाठी. घरटी वाटे पडायचे, बाळंतिणीच्या घरी काळीज जायचं, हाकाऱ्याच्या कुत्र्यालासुद्धा त्याचा वाटा. मुंडकं मात्र कुणी खायचं नाही, घरात न्यायचं नाही. ते शिवेवरच्या दगडावर रानाकडे तोंड करून ठेवायचं आणि मांस खाल्लेल्या प्रत्येकाने समोर उभं राहून म्हणायचं, "खाल्लं, मानलं, जा आता." मग तो जीव रानात माघारी जातो, अशी समजूत. आता शिकार गुन्हा आहे आणि असायलाच हवा. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, मुलांना मीच हे बजावते. पण हाकाऱ्यांचा म्होरक्या म्हणून मुंडकं दगडावर ठेवायचं काम आबांकडे होतं आणि हे एकच सांबर तसं राहून गेलं होतं. साहेबांनी मुंडकं हिसकावून नेलं, असं आई सांगायची. आबा त्यावर कधी चकार शब्द काढत नसत. मला वाटायचं, अपमान गिळलाय बिचाऱ्यांनी. मनातल्या मनात मी शैलाताईंना सुनवायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती.

स्वारगेटला उतरून आम्ही मेट्रो धरली. सरकत्या जिन्यावर आबांनी एक पाय ठेवला, दुसरा ठेवेनात. मागे ही गर्दी तुंबली. एका मुलीने त्यांना अलगद कोपराला धरून वर घेतलं आणि गाडीत बसायला जागाही दिली. "आजोबा, रिलॅक्स! खडकी आली की मी सांगते." आबा बसले, लगेच उठले. कसबा पेठ स्टेशन आलं. तिथे वर त्या गजबजलेल्या बोळांत ते नोकरीच्या पहिल्या वर्षी एका खोलीत चौघांबरोबर राहिले होते. मी म्हटलं, "आबा, तुमचं कसबा पेठ." ते म्हणाले, "खडकी कवा येनार ती सांग."

खडकीत उतरलो तेव्हा साडेबारा झाले होते. आबांनी छत्तीस वर्षं इथल्या एका वर्कशॉपात काढली. आम्ही भावंडं आईजवळ गावी, ते इथे. रस्ते त्यांना पाठ. मोठमोठ्या झाडांखालून ते माझ्यापुढे असे निघाले की मला पळावं लागलं. साहेबांच्या बंगल्याच्या फाटकाला कुलूप. आबांनी बेल दाबली. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा शेजारच्या अंगणात बनियनवर झाडांना पाणी घालणारे एक गृहस्थ नळी बाजूला धरून म्हणाले, "अहो, कुलूप बाहेरून आहे. आतून कोण उघडणार?"

"शैलाताई इथंच राहतात ना?" मी विचारलं.

"राहायच्या. सहा महिने झाले, धायरीला गेल्या. आपण फोन करून येत नाही का?"

फोन तर झाला होता! ताई म्हणाल्या होत्या 'घरी या' आणि आबांच्या लेखी साहेबांचं घर म्हणजे खडकी. मी कपाळावर हात मारला आणि ताईंना फोन लावला. "अय्या, मी सांगितलंच नाही का? या या, पण लवकर या. वनखात्याची माणसं चारला यायची आहेत."

मला भूक लागली की माझं डोकं फिरतं, म्हणून बाजारातल्या इराण्याकडे बनमस्का आणि चहा घेतला. बन ताजा होता, मस्का सढळ हाताने लावलेला. एरवी मी दुसराही मागवला असता. आबांनी घोटभर चहासुद्धा घेतला नाही. उभेच. मी खात असताना ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की अर्धा बन तसाच ठेवून मी उठले.

रिक्षावाल्याला विचारलं, "धायरीला येता का?"

"यायला काय, येतो. रस्ता पोचू देतो का ते त्याला विचारा."

त्याचं बरोबर होतं. सिंहगड रस्त्यावर रिक्षा मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तीन वाजले, सव्वातीन झाले. आबा तीनदा म्हणाले, "चालत गेलो असतो तर पोचलो असतो." चौथ्यांदा म्हणाले नाहीत, सरळ खाली उतरले आणि बस आणि टेम्पोच्या मधून चालू लागले! एक्याऐंशी वर्षांचा माणूस. मी ओरडत मागे धावले. रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "काका, या परत. तुम्ही चालत पोचलात तर माझी लाज जाईल." लोक हसले, मी आबांना दंडाला धरून परत रिक्षात बसवलं. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं, रागाचं की भीतीचं कोण जाणे.

धायरी एके काळी गाव होतं, असं त्या उंच इमारतींमध्ये उभं राहून खरं वाटत नाही. शैलाताई सातव्या मजल्यावर राहतात. दार उघडून त्या आबांच्या पाया पडल्या आणि माझी जुळवलेली वाक्यं तिथेच विस्कटली.

मुंडकं जेवणाच्या टेबलावर होतं, जुन्या चादरीवर. शिंगं एवढी रुंद की दोन्ही बाजूंच्या खुर्च्या सरकवलेल्या. डोळे काचेचे, एका कानाची कातडी उसवलेली. खाली पितळी पट्टी, तिच्यावर साहेबांचं नाव आणि शिंगांची लांबी इंचांत.

"बाबा फार जपायचे हो," ताई म्हणाल्या. "खाण्यासाठी त्यांनी कधी गोळी झाडली नाही. पोटासाठी मारणं वेगळं, म्हणायचे, शिकार हा खेळ आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबाच म्हणाले, "बेचाळीस घरं जेवली ह्याच्यावर. ते न्हाई लिवलं व्हय पट्टीवर?"

ताई वाकून पट्टी पुन्हा वाचू लागल्या. आबांनी विचारलं, "ताई, ह्येला जरा गॅलरीत घिऊ का?"

आम्ही तिघांनी मिळून ते उचललं. शिंग दाराला अडलं, मग तिरकं करून काढलं. समोर इमारती, त्यांच्यामागे सिंहगडाची रेघ. आबांनी उन्हावरून दिशा धरली आणि स्टुलावर ठेवलेलं मुंडकं डावीकडे वळवलं. "हितनं सरळ आपलं खोरं." मग हात जोडले. "खाल्लं, मानलं, जा आता."

मला वाटलं, झालं. सुटले एकदाचे.

"सुमे, तू बी म्हन."

"मी कुठं खाल्लंय, आबा? माझा तर जन्मसुद्धा नव्हता."

"खाल्लंस." ते शिंगाला धरून उभे होते. "सायबानं हिसकावलं न्हाई ग. मीच दिलं. दगडावर ठेवायला निगालो हुतो. सायेब म्हनलं, ज्ञानू, हे मला दे, पुन्याला वर्कशॉपात चिकटवतो तुला. दिलं. मांस आपन एक दिवस खाल्लं, पोरी. शिंगं छत्तीस वर्सं खाल्ली. तुझं डीएड त्यातलंच."

आबांचा राग आला, मग आईचा आला, मग कुणाचा आला तेच कळेना. शेवटी मी हात जोडले आणि म्हटलं. आवाज माझा वाटत नव्हता.

शैलाताईंनी डोळे पुसले. "काका, मीही म्हणू?"

आबा हळूच म्हणाले, "तुमी नका म्हनू, ताई. तुमच्यात कुनी खाल्लंच न्हाई."

ताईंचा चेहरा उतरला. चारला पाच मिनिटं असताना दारावरची बेल वाजली.

परतीच्या एसटीत कात्रजचा बोगदा यायच्या आतच आबा झोपले, माझ्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून. शिरवळ आलं तरी हलले नाहीत. मी मात्र एकदा खिडकी उघडत होते, एकदा लावत होते. आम्ही पोटासाठी मारणारी माणसं, ते भिंतीसाठी मारणारे, हे मी आजवर किती जणांना ताठ मानेने ऐकवलं असेल! आता कुणी विचारलं, पुण्यात काय बघितलंत बाई, तर सांगेन: एक सांबर बघितलं. माझ्या जन्माच्या आधी मेलेलं. पहिलीच्या पाटीपासून मी त्याच्यावरच जगत आलेय.