क्लोरीनला लागणारा वेळ

आमचा मामा पाणीपुरवठ्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होता आणि घाईशी त्याचं सात जन्मांचं वैर होतं. लग्नाला होकार द्यायला त्याने चौदा महिने लावले, असं मामी अजून ऐकवते. पाण्यात क्लोरीन घातलं की जंतू लगेच मरत नाहीत, पाण्याला टाकीत अर्धा तास थांबवावं लागतं, आणि पाणी गार असलं तर त्याहून जास्त, हे तो येईल त्याला समजावून सांगायचा. अख्खा प्लांट त्याला 'अर्धा तास' म्हणायचा.

अकरा वर्षांनी मुख्य केमिस्टच्या जागेसाठी त्याचा नंबर लागला. फाइल साहेबांच्या टेबलावर, फक्त सही बाकी. नेमकं त्याच आठवड्यात नव्या टाकीचं उद्घाटन निघालं. कडाक्याची थंडी होती. पाहुणे चक्क वेळेआधी आले आणि पहिला ग्लास प्यायला नळाशी उभे राहिले.

"सोडा पाणी," साहेब म्हणाले.

"पंचवीस मिनिटं राहिलीत, साहेब. पाणी गार आहे."

"मग डोस दुप्पट करा. वेळ निम्मा होईल."

"हिशेबाने होईल. पण क्लोरीनच्या वासाने पाहुणे पहिलाच घोट थुंकतील."

साहेबांनी टेबलावरच्या फाइलची आठवण करून दिली. मामा व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून उभाच. पाहुण्यांनी कोरड्या नळासोबत पंचवीस मिनिटं फोटो काढले.

सही झाली, दुसऱ्याच्या नावावर. नवा मुख्य केमिस्ट चपळ निघाला. त्याचं क्लोरीन साहेबांचा शब्द झेलत दहा मिनिटांत काम उरकायचं. माझं तर डोकंच फिरलं होतं.

पुढच्याच महिन्यात, मामाच्या सुट्टीच्या दिवशी, साहेबांचा घरी फोन आला. आवाज मधाळ.

"आज ड्यूटीवर कोण आहे हो?"

"मुख्य केमिस्ट आहेत, साहेब. तुम्हीच नेमलेत."

"ते झालंच हो. पण तुम्ही जरा जाऊन या ना. आमच्याकडे नात आलीय, दीड वर्षाची."

"मामा, अजिबात जायचं नाही!" मी ओरडलो. "उकळून प्या म्हणावं!"

मामा फोन ठेवून बूट घालायला बसला. "साहेबांच्या नातीला वेगळी पाइपलाइन नाही रे," तो म्हणाला. "तिला जे पाणी, तेच सगळ्यांना."

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्याने एकही सुट्टी घरी काढली नाही. मुख्य केमिस्टचं सगळं काम त्यानेच केलं. खुर्चीत बसायला दुसरा होताच.