खडकावरच्या वाट्या

सासरे गेल्यानंतरच्या हिवाळ्यात सासूबाई पहिल्यांदा बहरीनला आल्या. जुन्नरकडच्या गावी त्या एकट्याच राहत होत्या, म्हणून माझ्या नवऱ्याने हट्टाने त्यांचा व्हिजिट व्हिसा काढला. पण त्याची शिफ्ट अशी, की इथल्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, तो हमखास कामावर. त्या दिवशी उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच उरायचो. मी उठायच्या आत त्या भांडी घासून ठेवायच्या. मी "असू द्या हो आई" म्हटलं की "व्हय" म्हणायच्या आणि पुढचं भांडं उचलायच्या. आमच्यात वाकडं असं काही नव्हतं. जवळचं म्हणावं असंही काही नव्हतं.

एका शुक्रवारी घरात बसून कंटाळा आला म्हणून मी त्यांना गाडीत बसवून दक्षिणेकडे वाळवंटात नेलं. थंडीत इथली माणसं तिकडे तंबू ठोकून राहतात, मुलंबाळं, शेगड्या, गाद्या सगळं घेऊन. तंबूंच्या पलीकडे चुनखडीचा एक बुटका, सपाट खडक होता. चालून आईंचे गुडघे भरून आले, तशा त्या त्यावर टेकल्या. मी थर्मासमधला चहा ओतत होते. वळून पाहिलं तर त्यांची बोटं खडकावरून हळूहळू फिरत होती.

"पोरी, हे बघ."

खडकात दोन ओळींत लहान लहान वाट्या कोरलेल्या होत्या, प्रत्येकीत एक लिंबू मावेल एवढ्या. शेजारी एक लांबट आकृती होती, नावेसारखी, एका बाजूला टोक काढलेली. वाऱ्याने सगळं गुळगुळीत झालं होतं.

"अशाच वाट्या आमच्या डोंगरातल्या लेण्यात हायेत. खाली फरशीवर," त्या म्हणाल्या. "ही धनाची खूण असती."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. मग चहा गार होईपर्यंत त्या बोलत राहिल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्यांचं माहेर आणि सासर एकाच गावातलं. त्यांच्या लहानपणी तिथे बाहेरून एक माणूस आला होता. लेण्यातल्या त्या वाट्या पाहून त्याने त्यांच्या वडिलांना सांगितलं, की इथे जुन्या व्यापाऱ्यांनी धन पुरलंय आणि वाट्यांमध्ये त्याचा हिशेब आहे. जितक्या वाट्या, तितकी पावलं, लेण्याच्या दारापासून. वडील शाळेत गेलेले नव्हते. घरात अंक येणारी पहिली मुलगी म्हणजे ह्याच. वडील त्यांना वर घेऊन गेले. त्यांनी बोट ठेवून वाट्या मोजल्या आणि वडिलांनी तितकी पावलं टाकली. पावलं संपली तिथे खणलं. काही निघालं नाही. मग थोडं अलीकडे, थोडं पलीकडे. तो सगळा उन्हाळा वडील खणत राहिले आणि गाव हसत राहिलं. शेवटी तो माणूस म्हणाला, "पोरीनं मोजण्यात चूक केली," आणि निघून गेला.

"बाप मला एका शब्दानं बोलला नाय," आई म्हणाल्या. "पण परत कधी मला काय मोजायलाबी सांगितलं नाय. मंग मीच शाळा सोडली. म्हणलं, मला गणित येत नाय."

त्यांनी बोट पुन्हा पहिल्या वाटीवर ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ह्या मोजू का एकदा?"

त्यांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या, उलट्या बाजूने मोजल्या. दर वेळी आकडा तोच आला.

तो आठवडाभर त्यांच्या डोक्यात तो खडक होता. पोळ्या लाटताना पोळपाटावरच्या पिठात बोटाने त्या नावेची आकृती काढायच्या आणि मला विचारायच्या, "हिचं तोंड समुद्राकडं व्हतं ना?" पुढच्या शुक्रवारी माझ्या आधी त्याच तयार होऊन बसल्या.

वाट्यांइतकी पावलं त्यांनी नावेच्या टोकाच्या दिशेने टाकली, दुखऱ्या गुडघ्याने, मोठ्याने मोजत. मी मागून चालले होते.

"उकरायचं नाही हं आई. माझा व्हिसा जाईल."

"उकरायला कोण आलंय? पावलं कुठं जाऊन थांबत्यात, तेवढंच बघायचंय."

पावलं थांबली उघड्या मातीवर. एक काटेरी झुडूपसुद्धा नव्हतं तिथे. आई तशाच उभ्या राहिल्या आणि मला त्यांना गाडीत चला म्हणवेना.

जवळच्या तंबूतून एक म्हातारी अरब बाई आमच्याकडे पाहत होती. काळा अबाया सावरत, काठी टेकत ती आली. "क्या ढूंढता?" तिने विचारलं. इथल्या जुन्या माणसांना येतं तसं मोडकं हिंदी तिला येत होतं. आईंचं हिंदीही त्याच घाटाचं. "खजाना," त्या म्हणाल्या आणि सरळ तिचा हात धरून तिला खडकाकडे घेऊन गेल्या.

वाट्या पाहून म्हातारी खोकला येईपर्यंत हसली.

"मफी, उख्ती! खजाना मफी!" काही नाही गं बहिणी, काही नाही. मग ती खाली बसली. आजूबाजूचे खडे गोळा करून तिने एकेका वाटीत घातले. एका वाटीतले सगळे उचलले आणि पुढच्या वाट्यांत एकेक टाकत गेली. "खेल. हम छोटा था, रेत में गड्ढा बनाता, ऐसा खेलता."

आई माझ्याकडे वळल्या. "खेळ म्हणाली ना ती?"

"हो आई. खेळ."

"म्हंजे तिथं लेण्यातबी काय नव्हतंच?"

"नसणारच."

"मंग मी चुकले नव्हते."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या आवाज न करता रडत होत्या. म्हातारीला वाटलं, खजिना मिळाला नाही म्हणून रडतेय. ती घाईघाईने तंबूत गेली आणि मूठभर खजूर आणून तिने आईंच्या ओटीत टाकले. ते पाहून आईंना रडता रडता हसू फुटलं.

मग दोघी खेळायला बसल्या. पहिला डाव आई हरल्या. दुसऱ्या डावात खडे उचलायच्या आधीच शेवटचा खडा कुठल्या वाटीत पडणार ते त्यांना दिसायला लागलं. त्या जिंकल्या, तशी म्हातारीने बाह्या मागे सारल्या. "यल्ला, फिर से!" दुपारचं जेवण आम्ही तिच्याच तंबूत जेवलो.

पुढे मी जुन्या अवशेषांची माहिती असलेल्या एका माणसाला त्या वाट्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, कुणी खेळ म्हणतं, कुणी धान्य कुटायची जागा, कुणी पूजेची. खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. हे आईंपासून लपवावं असं वाटून गेलं, पण मी सांगितलं. त्या पीठ मळत होत्या.

"पण धन नाय, हे तर नक्की ना?"

"ते नक्की."

"मंग बास," म्हणाल्या आणि कणकेला तेलाचा हात लावला.

मार्चमध्ये त्या परत गेल्या. बुद्धपौर्णिमेला त्यांचा फोन आला. गावातल्या बायकांबरोबर त्या गुडघे धरत धरत डोंगर चढून लेण्यात गेल्या होत्या. वंदना झाल्यावर बायका खाली निघाल्या, तरी त्या वाट्यांजवळ बसून राहिल्या होत्या.

"एकट्याच? काय करत होतात?"

"बापाशी बोलत व्हते. म्हणलं, खेळ व्हता रं तो. तुला कुणी सांगितलंच नाय."

मागे वाऱ्याचा आवाज येत होता. त्या अजून वरच होत्या. उतरताना कठड्याला धरून या, असं मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं आणि त्या खाली रस्त्याला लागेपर्यंत फोन चालू ठेवला.