मेंढीकोट, फुगडी आणि नाचणीची आंबील

"मेंढी! मेंढी! आयती मेंढी आली!"

खालच्या मजल्यावरचे भाऊ ओरडले. गिरणीचा भोंगा बंद पडल्यापासून परळमध्ये एवढा आवाज झाला नव्हता. समोरच्या टॉवरच्या काचा हलल्या, गॅलरीतली कबुतरं उडाली ती थेट माटुंग्याला जाऊन बसली. भाऊंनी बदामचा एक्का चटईवर आपटला आणि आमची बदामची दश्शी उचलून, नातू झाल्यासारखी छातीशी धरली.

मेंढीकोटात दश्शी म्हणजे मेंढी, ज्याच्या मेंढ्या जास्त त्याचा डाव, म्हणून मेंढी म्हणजे जीव की प्राण. आमच्या चाळीत दर रविवारी दुपारी गॅलरीत डाव बसतो. एका बाजूला भाऊ आणि त्यांची बहीण, दुसऱ्या बाजूला मी आणि माझ्या सासूबाई. मी बदामचा राजा टाकला होता तो भाऊंकडचा एक्का बाहेर काढायला. सासूबाईंनी त्या राजावर खुशाल आपली मेंढी नेऊन ठेवली.

"आई, एक्का बाकी होता ना!"

"एक्का मघाशीच गेला."

"तो मागच्या डावात, आई."

सासूबाई बोटांवर गेलेली पानं मोजायला लागल्या. ही बाई म्हणजे काय चीज होती, सांगते. कोणाच्या हातात कुठलं पान आहे हे तिला समोरच्याच्या श्वासावरून कळायचं. कोणी शिंकलं तर "चौकटची राणी" म्हणायची, आणि निघायची राणीच! लग्न करून मी या घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाक विचारला नाही, देवधर्म विचारला नाही. "पत्ते येतात गो?" एवढंच विचारलं. येतात म्हटलं, तर म्हणाल्या, "मग रव ह्या घरात."

भाऊंनी पत्ते पिसता पिसता हळूच म्हटलं, "मावशी, वय झालं आता. आराम करा. पुढच्या रविवारी तुमच्या जागी आमची सून बसेल."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. सासूबाई टोमण्याला टोमणा देऊन वर चहा पाजणाऱ्या. पण भाऊ मायेने बोलले. सासूबाई उठल्या, खोलीत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यांना पत्त्यांशिवाय बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, गोरागोमटा, नुकतीच मिशी फुटलेला. त्याने एक चित्र दाखवलं. "आजी, हे काय आहे?"

"गेंडा."

"बरोबर!"

"तुला ठाऊक होतं तर मला कशाला विचारलंस?"

डॉक्टर बिचारा हसला. आणखी तपासण्या करून म्हणाला, "वयाने थोडं विसरायला होतं. आत्ता घाबरण्यासारखं काही दिसत नाही, पण बसून राहू नका. रोज जरा दम लागेल असं काहीतरी करा. भाज्या, कोंड्यासकट धान्य, ताक, आंबवलेले पदार्थ खा. पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं मेंदूशी काहीतरी बोलणं चालतं, असं संशोधक म्हणतात. अजून पक्कं कोणी सांगत नाही. पण यात नुकसान काही नाही."

झालं! घरी येईपर्यंत सासूबाईंनी भाजीवाली, इस्त्रीवाला आणि जिन्यात भेटलेला कुरियरवाला, सगळ्यांना सांगितलं, "माझ्या पोटातले जंतू मेंदूशी बोलतात. इतकी वर्षं एकत्र राहतो, माझ्याशी कधी बोलले नाहीत मेले."

मी लगेच कामाला लागले. मॉलमधून जिवाणूवाल्या दह्याच्या इवल्याशा बाटल्या आणल्या. सासूबाईंनी एक बाटली उजेडात धरून पाहिली. "ह्या बाहुलीच्या बारशाक आणलंस काय?" चिडल्या काय, खूश झाल्या काय, त्या थेट मालवणीत उतरतात. मग त्यांनी स्वतःच नाचणीचं पीठ ताकात भिजवून झाकून ठेवलं. सकाळी ते शिजवलं, थंड झाल्यावर वरून ताक, जिरं, ठेचलेला लसूण घातला. ही त्यांच्या माहेरची आंबील. एक पेला पोटात गेला आणि माझे सासरे सोडून सगळे पूर्वज मला दिसले. सासरे नाही, कारण ते शेजारी बसून दुसरा पेला मागत होते.

व्यायामाचं मात्र जमेना. मैदानात चालायला नेलं तर पहिल्याच बाकड्यावर ओळखीची बाई भेटली. सासूबाईंच्या जिभेला दम लागला, पायांना नाही. तेव्हा मी एकदा चिडून म्हटलं, "मग काय फुगडी घालणार?"

"घालीन की!"

कोकणातल्या बाईला फुगडी विचारू नये. गॅलरीत कपडे बाजूला सारून सासूबाई उभ्या राहिल्या. जोडीला कोणी येईना, तेव्हा कोपऱ्यातल्या खोलीतल्या टीचर पुढे आल्या. टीचर ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेल्या, जन्मात फुगडी घातलेली नाही. हात धरले, पाय जुळवले आणि भिंगरी सुरू झाली. सासूबाई "फू! फू!" करत होत्या, टीचर "जीजस! जीजस!" करत होत्या. खालून भाऊ ओरडले, "अरे, चाळ पडली तर बिल्डर आयता खूश होईल!" पण रोज संध्याकाळी फुगडी ठरली. हळूहळू मजल्यावरच्या सगळ्या बायका जमल्या. माझ्या गुडघ्यांनी पहिले काही दिवस माझ्याशी अबोला धरला, मग तेही नाचायला लागले.

आता माझा पराक्रम ऐका. आंबिलीचं एवढं कौतुक, म्हणून मी पीठ जास्त भिजवलं. घरात पातेली उरली नाहीत, तेव्हा थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं, बूच घट्ट फिरवलं आणि बाटल्या गॅलरीच्या कठड्यावर उन्हात मांडल्या. संध्याकाळी फुगडी ऐन रंगात असताना धडाड्! टीचरनी सासूबाईंचे हात सोडले, सासूबाई माझ्या अंगावर आल्या. दुसरी बाटली फुटली, तिसरी विमानासारखी उडाली. खाली भाऊ बनियनमध्ये पेपर वाचत बसले होते. त्यांना आंघोळच झाली.

"अगो," सासूबाई हसून हसून जमिनीवर बसल्या, "आंबणाऱ्या पिठाक श्वास नको?"

भाऊ वर आले ते डोक्यापासून पोटापर्यंत नाचणीने माखलेले. त्यांनी मिशीवरचं चाटलं, विचार केला आणि म्हणाले, "मीठ कमी आहे." मग म्हणाले, "मावशी, तुम्हाला एवढं हसताना बघून बरं वाटलं. रविवारी या. पण चुकलात तर मात्र सूनबाई."

रविवारी अख्खा मजला चटईभोवती जमला. भाऊंची सून बाजूला तयारच बसली होती. सासूबाईंनी हुकूम काय आहे ते दोनदा विचारलं, आणि माझ्या पोटातले सगळे जिवाणू एकदम ओरडले. भाऊंच्या बहिणीने माझ्याकडे दयेने पाहिलं.

शेवटी तीन मेंढ्या पडून गेल्या होत्या, दीड आमच्या म्हणा, दीड त्यांच्या, कारण तिसरीवर भांडण चालू होतं. राहिली होती चौकटची. ती कोणाकडे आहे, मला काही आठवेना. सासूबाईंनी हातातली पानं पाहिली नाहीत, भाऊंकडे पाहिलं. डोळे बारीक केले. ओठ हलत होते, गेलेली पानं मोजत असाव्यात. मग त्यांनी चौकटचा एक्का हळूच ठेवला.

"काढ रे ती मेंढी. तुझ्याकडे चौकट एकच उरलीय."

भाऊंनी मान खाली घातली आणि दश्शी टाकली.

मजला हादरला. टीचरनी माझी पापी घेतली. भाऊंची सून सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होती, आणि भाऊंनी स्वतःच्या हाताने सासूबाईंची उशी नीट करून दिली. "मावशी, ही जागा तुमची. मी पुन्हा बोलणार नाही."

सगळे पांगले, तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसले. माझा आनंद माझ्यात मावत नव्हता. म्हटलं, "आई, खरं सांगा. हे आंबिलीमुळे झालं की फुगडीमुळे?"

सासूबाईंनी पत्ते डबीत घातले, झाकण लावलं.

"पानां बरी इली होती."