पाठ फिरवलेलं घर

फुसाएबाईंचं नवं घर पायांना कळायचं. स्वयंपाकघरात खडबडीत दगड, बोळात खाचा पाडलेलं देवदार, निजायच्या खोलीत ताताम्या म्हणजे गवती चटया, संडासात बुचाची मऊ फरशी. निशिजिनच्या विणकरवस्तीत एकेचाळीस वर्षं किमोनोचे रेशमी पट्टे विणता विणता बाईंचे डोळे अधू झाले होते. समोरच्याचा चेहरा आता धुक्यातल्यासारखा दिसायचा. म्हणून चिहारूने, त्यांच्या भाचीने, आर्किटेक्ट झाल्यावरचं पहिलं घर आत्यासाठी बांधलं, तेही आत्याचंच जुनं घर पाडून.

"आत्या, तुला भिंती चाचपडायची गरजच नाही. पाय टेकला की कळेल कुठे आहेस ते."

"संडासात आपण सपाता घालून जातो," फुसाएबाई म्हणाल्या. "तुझं बूच कोणाच्या पायाला कळायचं?"

चिहारू पाच वर्षं कॉलेजात शिकली, पण सपाता काही तिच्या डोक्यात आल्या नव्हत्या.

जागा कोपऱ्यावरची होती. जुनं दार उत्तरेच्या गल्लीत उघडायचं. चिहारूने ते पश्चिमेच्या गल्लीत नेलं, कारण तिकडे चहा भाजणाऱ्याचं दुकान होतं. "बाजारातून येताना नाकाने घर सापडेल," ती म्हणाली. जुन्या दाराच्या जागी सपाट, गिलावा केलेली भिंत आली. त्या भिंतीतून एक मातीची नळी आत गेली होती. बाहेरचं तोंड फुलासारखं पसरट, आतलं टोक थेट देवघरात, बाईंच्या दिवंगत नवऱ्याच्या, कान्जीसानांच्या, फोटोशेजारी. गल्लीतले झाडू, सायकली, तोफूवाल्याचा भोंगा, सगळं फुसाएबाईंच्या कानाशी यायचं. माग बंद पडल्यापासून मुक्या झालेल्या घरात पुन्हा आवाज आला, म्हणून नळीवर बाईंचा जीव जडला.

राहायला आल्यावर रीतीप्रमाणे शेजाऱ्यांना टॉवेल वाटायचे होते. सासूने शिकवलं होतं ते असं: आपल्या दारात घराकडे पाठ करून उभं राहायचं, समोरची तीन घरं मोजायची, दोन्ही बाजूंचं एकेक. फुसाएबाई नव्या दारात उभ्या राहिल्या आणि काठीने मोजू लागल्या. चहावाला, सुया टोचणारे वैद्य, आणि तिसऱ्या जागी घरच नव्हतं, गाड्या उभ्या करायचं मैदान होतं. बाईंनी बराच विचार केला आणि गाडी काढायला आलेल्या एका अनोळखी माणसाच्या हातात टॉवेल ठेवला. तो गोंधळून दोनदा कमरेत वाकला.

मोजणी चोख झाली होती. फक्त किनुयोबाई तीत बसल्या नाहीत.

अडतीस वर्षं दोघींची दारं समोरासमोर होती. आता किनुयोबाई सकाळी दार उघडायच्या ते भिंतीपुढे. आणि टॉवेल मिळाला कोणाला, तर गाडीवाल्याला! हे त्यांच्या कानावर जायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही.

फुसाएबाईंना ते नळीतून कळलं. गल्लीची रीत अशी की आपल्या दारासमोर झाडायचं आणि मध्याच्या पलीकडे वीतभर, जास्त नाही. वीतभर म्हणजे आपुलकी, हातभर म्हणजे आगाऊपणा. किनुयोबाईंचा झाडू त्या सकाळी खर्र खर्र करत आला आणि नेमका मध्यावर थांबला. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या दिवशी फुसाएबाई आपला झाडू घेऊन वळसा घालून तिकडे गेल्या.

"हवा छान पडलीय, नाही किनुयोबाई?"

"अगं बाई, तुम्ही! इकडच्या गल्लीत कशी वाट वाकडी केलीत?" किनुयोबाईंचा सूर मधाळ होता. "घर काय सुंदर झालंय हो. भिंत तर इतकी गुळगुळीत! सकाळी दार उघडलं की डोळ्यांना काही म्हणता काही त्रास नाही."

"आत या ना एकदा."

"येईन की. तुमचं दार कुठे असतं ते कोणाला तरी विचारते आधी."

घरी येऊन फुसाएबाईंनी स्वयंपाकघरातून चिहारूला फोन लावला.

"मग टॉवेल नेऊन दे की," चिहारू म्हणाली.

"चार दिवसांनी? म्हणजे विसरले होते, असं कबूल करायचं?"

"विसरलीसच ना?"

"विसरले नाही गं, मोजलं! तू दार हलवलंस आणि माझी मैत्रीण मोजणीतून पडली. आता दार परत फिरव."

"आत्या, दार म्हणजे काय फुलदाणी आहे?"

हिवाळा आला. दर वर्षी डिसेंबर लागला की किनुयोबाईंकडून सलगमाच्या पातळ चकत्यांचं आंबट लोणचं यायचं. यंदा डबा आला नाही. एका सकाळी फुसाएबाईंनी उदबत्ती लावली आणि नवऱ्याच्या फोटोपुढे बसून मन मोकळं केलं.

"अहो, ऐकलंत का? यंदा लोणचं नाही. मीठ जास्तच असायचं म्हणा. तुम्ही तर दोन चकत्या खाऊन दिवसभर पाणी पीत बसायचात. पण त्याच्याशिवाय हिवाळा हिवाळा वाटत नाही हो. दार कुठेही गेलं तरी समोर राहतात त्या किनुयोबाईच, एवढं मला कळू नये?"

बाहेर झाडू मध्येच थांबला. झाडून झालं असेल, असं त्यांना वाटलं.

तिसऱ्या दिवशी दारावर घंटा वाजली. भाजक्या चहाच्या वासात सिरक्याचा वास मिसळला होता.

"इकडून चालले होते," किनुयोबाई म्हणाल्या. हातात डबा होता. "यंदा मीठ बेतानं घातलंय. कान्जीसानांपुढे ठेवा. आता त्यांना दिवसभर पाणी पीत बसायला नको."

डबा घेता घेता फुसाएबाईंचा हात तिथेच थबकला. कानांच्या पाळ्या तापल्या. दोन महिन्यांत त्या फोटोपुढे आपण काय काय बोललो! चहावाल्याच्या बायकोचा केसांचा टोप. देवळातल्या बुवांचा आवाज. स्वतःचं पोट.

त्यांनी खणातून कागदात गुंडाळलेला टॉवेल काढला. पहिल्या दिवशीच एक जास्तीचा आणून ठेवला होता. कोणासाठी, ते तेव्हा त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"फार उशीर झाला."

"इश्श, हे कशाला!" म्हणत किनुयोबाईंनी तो केव्हाच पिशवीत टाकला. मग बूट काढून त्या स्वयंपाकघरात शिरल्या. "आई गं! जमीन आहे की खवणी? भाचीचं तुमच्याशी काही वैर आहे का?"

"संडासात बूच आहे."

"बाटलीचं? संडासात?" दोघी हसून हसून तिथेच दगडावर बसल्या.

त्या दुपारी फुसाएबाईंनी फोन केला. "चिहारू, तुझी नळी दोन्हीकडून चालते. तुला माहीत होतं?"

"नळी आहे, आत्या. दोन्हीकडून चालणारच." मग ती घाबरत म्हणाली, "बुजवून टाकू?"

"हात तर लावून बघ."

दुसऱ्या सकाळी उदबत्ती लावून झाल्यावर फुसाएबाई फोटोपासून जरा सरकल्या, नळीजवळ आल्या आणि घसा साफ केला.

"अहो, ऐकलंत का? लोणचं यंदा फक्कड झालंय. फक्त थोडं, अगदी चिमूटभर, अळणी लागतं."

बाहेरचा झाडू थांबला. मग तो पुन्हा सुरू झाला, मध्यावर आला, वीतभर पुढे सरकला, मग हातभर, आणि खर्र खर्र करत थेट भिंतीच्या पायाशी येऊन नळीखालचा पाचोळा गोळा करू लागला.