सातने भाग जाईना

बी.एड. होऊन दोन वर्षं झाली तरी मला कायमची नोकरी नव्हती. उल्हासनगरात एका क्लासमध्ये शिकवत होते. पप्पांची अंबरनाथची कंपनी बंद पडलेली. त्यामुळे बदलापूरहून, बेलवलीतल्या एका शाळेतून नमुना पाठासाठी फोन आला, तेव्हा घरातले सगळे फोनभोवती गोळा झाले.

सातवीचा वर्ग. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका आणि संस्थेचे दोघे जण पेन उघडून बसलेले. विभाज्यतेच्या कसोट्या नुसत्या पाठ म्हणून घ्यायच्या नाहीत, असं मी ठरवलं होतं. फळ्यावर लिहिलं: ३८१६५४९२७.

"एक ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच. पहिल्या दोन अंकांच्या संख्येला दोनने भाग जातो, पहिल्या तीन अंकांच्या संख्येला तीनने, असं थेट नवापर्यंत. जगात अशी ही एकच संख्या. करून बघा."

अडतीसला दोनने गेला. तीनशे एक्याऐंशीला तीनने गेला. सहापर्यंत बाकी शून्य. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"बाई, सातने जात नाही. दोन उरतात."

"परत कर."

"दोनदा केलं."

मी फळ्याकडे वळले. घरी इतक्यांदा लिहिलेली संख्या, आणि आता तिच्यातलं काय चुकलंय तेच आठवेना. मागे कुणीतरी कागदावर काहीतरी लिहीत होतं.

"बरं," मी म्हणाले. "पहिले सहा अंक बरोबर आहेत. उरले कुठले?"

"सात, दोन, नऊ," पोरं ओरडली.

"आठव्या जागी कुठला येईल?"

मग तीच मुलगी म्हणाली, "दोनच. आठने भाग जायचा तर शेवटी सम अंक पाहिजे. म्हणजे सातव्या जागी नऊ नाही, सात!"

तिने फळ्यावर येऊन ३८१६५४७ ला सातने भागलं. बाकी शून्य. पुढे आठने गेला, नवाने गेला. पोरांनी बाकं बडवली.

मुख्याध्यापिका पुढे आल्या. "चूक मुद्दाम केलीत ना? मुलांनी शोधावी म्हणून?"

"हो," मी म्हणाले.

वर्ग ऐकत होता. ती मुलगी खडू हातात धरून माझ्याकडेच बघत होती.

नोकरी मिळाली. आईने शेजारीपाजारी पेढे वाटले. पण सातवीचा तास आला की मी फळ्याकडे तोंड करूनच शिकवायचे. दुसऱ्या बाकाकडे बघायचंच मी टाळायचे. असा महिना गेला आणि एक दिवस हजेरी घेता घेता मी थांबले.

"त्या दिवशी मी खोटं बोलले. घाबरून सात आणि नऊची अदलाबदल झाली होती."

"माहितेय, बाई," ती म्हणाली. "मुद्दाम केली असती तर तुम्ही मला परत करायला लावलं नसतं."

वर्ग हसला, मीही हसले. मुख्याध्यापिकांना मात्र मी कधीच सांगू शकले नाही. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले होते. आत माणसं होती. परत फिरले.