ती थांबली, बँड थांबला नाही

सहा वर्षं ती इथे आखातातल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. वसईची, माझ्याहून थोडी मोठी. सगळ्यांचे व्हिसा आणि मेडिकल तिच्याकडे. ती गाते हे ऐकून होतो, पण ते चर्चमध्ये, नाताळात वगैरे असणार, असं मी धरून चाललो होतो. जुलैत एकदा तिने विचारलं, शनिवारी गाडी घेऊन येशील का, अॅम्प्लिफायर न्यायचा आहे, नवा अल्बम रेकॉर्ड करतेय. ब्लूज आणि कंट्री. ‘नवा’ म्हटल्यावर मी ओशाळलो. म्हणजे आधीचाही होता.

स्टुडिओ अल क्वोज या कारखान्यांच्या भागातल्या एका गोदामात होता. बँडमध्ये तिघं. ड्रमवर एक फिलिपिनो नर्स, बेस गिटारवर केरळचा फार्मासिस्ट आणि मांडीवर आडवं स्टील गिटार घेतलेले गोव्याचे एक काका. काकांनी अख्खं आयुष्य हॉटेलांत वाजवण्यात घालवलं होतं. एसीची घरघर माइकमध्ये येते म्हणून एसी बंद. शेजारच्या सुतारांच्या वर्कशॉपमधली करवत मात्र चालूच होती. शेवटी ती स्वतः जाऊन तिथल्या पठाण फोरमनशी बोलली. त्याने तासभर मशीन बंद ठेवलं आणि ऐकायला तोही दारात येऊन उभा राहिला.

गाणं इंग्रजी होतं, तिच्या आईवरचं. आई फेब्रुवारीत वसईत वारली, तेव्हा हिला विमान उशिरा मिळालं होतं आणि ती पोचली तोवर माती देऊन झाली होती. परत आल्यावर तिने चार दिवसांच्या रजेचा फॉर्म भरला होता, एवढंच मला माहीत होतं.

ती गायला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. रोज फोनवर पासपोर्ट नंबर वाचून दाखवणारा हाच आवाज. त्यात एवढी खोली कुठे दडली होती? तो खाली उतरायचा, खरखरायचा, आणि आता तुटणार असं वाटेतो अलगद वर यायचा.

तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी ती थांबली. मान खाली, डोळे मिटलेले. आता सगळेच थांबतील, असं मला वाटलं. कुणीच थांबलं नाही. नर्सने काठ्या ठेवून ड्रमवर फिरवायचे मऊ ब्रश घेतले आणि ताल अगदी हळू केला. बेसवाला तेच आवर्तन पुन्हा वाजवू लागला. तिने जिथे गायचं होतं तिथे काका स्टीलवर वाजवत होते, पण दर ओळीचा शेवट मोकळा सोडत होते. एक आवर्तन झालं. दुसरं, तिसरं. काकांच्या हनुवटीवरून घाम तारांवर पडत होता. तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं.

चौथ्या आवर्तनात, त्या मोकळ्या जागेत, ती सुरात मराठीत म्हणाली, “आई, जेवले गं मी.”

मग तिने उरलेलं कडवं इंग्रजीत पुरं केलं. शेवटचा सूर विरला तरी रेकॉर्डिंगवाल्याचा हात बटणाकडे गेला नाही. फोरमनने मला हळूच विचारलं, “क्या बोला उसने?” मी सांगितलं. त्याने डोक्यावरची टोपी सरळ केली.

गाणं बिघडलं, पुन्हा घेऊ, असं तिचं म्हणणं होतं. दिवसभर गप्प असलेले काका तेव्हा बोलले, “बाय, हे परत व्हायचं नाही. राहू दे.”

आणि ते राहिलं. ऑक्टोबरात अल्बम आला. मी तो पहिल्यांदा गाडीत लावला तेव्हा मुलगी शेजारी होती. ती इथेच वाढलेली, कानांत सतत हेडफोन. त्या ओळीला तिने हेडफोन काढले.

“बाबा, व्हाय इज शी सिंगिंग इन मराठी?”

मी पहिल्यापासून सांगायला लागलो. घराकडे वळायचा मरीनाचा एक्झिट मागे पडला, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.